सुटलेला टाका

"आजोबा, टाका सुटला."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली नात रडवेली झाली होती. मी माझ्या खोलीच्या दारात, खुर्चीवर. मध्ये आठ फूट नवी, ओली फरशी. उद्या सकाळपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही, असं मिस्त्री बजावून गेला होता. माझ्या खोलीला दुसरं दार नाही.

संध्याकाळी तिचा नुकताच जन्मलेला भाऊ दवाखान्यातून पहिल्यांदा घरी येणार होता, आणि त्याची टोपी तिलाच विणायची होती.

"लोकर ओढू नकोस. ओढलं की टाका आणखी खाली पळतो. केसातली पिन काढ आणि त्यात अडकव."

"तुम्हीच या ना इकडे."

"आलो तर तुझा बाबा मलाही फरशीत बसवेल."

ती हसली. शाळेत तीस वर्षं मी मुलांचे हात धरून विणकाम शिकवलं. आज नुसत्या तोंडाने शिकवत होतो. पिनेने एकेक आडवा धागा उचलत तिने टाका परत सुईवर चढवला आणि दुपारभर बसून टोपी पुरी केली.

बाळ आलं. माझ्या मुलाने उंबऱ्यावर उभं राहून त्याला माझ्या दिशेने धरलं. दुपट्यातून पिवळी टोपी तेवढी वर आली होती. मी खुर्चीतून पुढे वाकलो.

"झोपलाय, बाबा. तोंड उद्या बघा."

नात मात्र काळजीत होती. "आजोबा, तो सुटलेला टाका दिसतो का हो?"

"नाही गं. इथून काहीच दिसत नाही."

ती खूश झाली.