रिकाम्या बाकाचा फोटो

या पार्कात जिथे कॅमेरा रोखावा तिथे कुणीतरी आइस्क्रीम चाटत मध्ये कडमडतंच! पायांचे तुकडे पडल्यावर पाळण्यांमागे एकदाचा सुनसान बाक सापडला. माझी सवय अशी, की आधी रिकाम्या जागेचा फोटो काढून उजेड बघायचा. काढला. फोटोत बाकावर ताई बसलेली.

"ताई, मी बोलावल्याशिवाय मध्ये यायचं नाही! किती वेळा ओरडायचं?"

"मी कुठे आले? तुझी बॅग धरून मागेच उभी आहे की," ती मागून म्हणाली.

समोर बाक रिकामाच होता. मी चिडून पुन्हा बटण दाबलं. या फोटोत ताई बाकावरून उठली होती आणि भेदरून माझ्या खांद्यामागे बघत होती.

अगदी कानाशी आवाज आला, "आता आम्हा दोघींचा काढ."