आबांची सहनशक्ती

गरम पाण्याच्या टबात पाय टाकताच जीवराम शेठ "आई गं!" करून उडाले. शेजारच्या टबात चुडामण आबा मात्र लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे खुशाल बसून होते.

"वा आबा! याला म्हणतात सहनशक्ती!" थेरपी सेंटरवाल्या भूषणने टाळ्या वाजवल्या. "आता बर्फाचा टब. असं आलटून पालटून केलं, की शुगरवाल्यांच्या पायातल्या मुंग्या गेल्याच समजा."

आबांचा पोरगा ललित मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. गावच्या, असोद्याच्या ग्रुपवर टाकायचा होता ना!

आबांच्या बायकोला, लताबाईंना, हे काही पटेना. घरी अंघोळीचं पाणी जरा कडक झालं तर घर डोक्यावर घेणारा माणूस हा. पिंप्राळ्याच्या या सेंटरात येऊन एकदम साधू झाला? छे! काहीतरी काळंबेरं नक्की आहे. शेठला कडक पाणी आणि आमच्या म्हाताऱ्याला कोमट, म्हणजे फुशारून पुन्हा पुन्हा येईल. लबाड मेले! त्या तडक उठल्या आणि कोणाला न विचारता आबांच्या टबात हात घातला.

हात चर्रकन भाजला.

"काढा, काढा पाय!" त्यांनीच ओढून बाहेर काढले. घोट्यापर्यंत लालबुंद झाले होते.

"काकू, थेरपी मध्येच तोडू नका," भूषण म्हणाला. "ही लाली म्हणजे रक्त फिरायला लागलंय."

"काय व, चार लोकांत तमाशा करून राह्यली?" आबा चिडले. "चांगलं मस्त वाटत होतं."

लताबाई फरशीवर बसल्या. संशय पाण्यावरून उठून भलतीकडेच गेला होता.

"अहो, डोये मिटा बरं जरा."

"कायले?"

"मिटा म्हनते ना! मी एका पायाले हात लावते. कोनता, ते सांगा."

आबांनी ललितच्या मोबाईलकडे बघून हसत डोळे मिटले. लताबाईंनी उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला. आधी हळूच दाबला. मग जोरात. मग मन घट्ट करून नख रुतवलं.

ललितचा मोबाईल खाली आला.

आबा डोळे मिटून वाट बघत होते.

"लाव ना मंग हात," ते म्हणाले. "कितीक वेळ बसू असा?"