बोटभर माप

पर्यटकांना फिरवायचं तर घोडं खांद्यापाशी चार फूट भरायला हवं, असा नवा नियम जव्हारला आला. परवाना देणाऱ्या साहेबांनी गौराची घोडी भिंगरी उतारावरच उभी केली, वरच्या अंगाने टेप लावली अन् म्हणाले, "बोटभर कमी. परवाना नाही."

"उतार मोजलात साहेब, घोडी नाही," म्हणत गौराने लगाम धरला. देवळापुढच्या सपाट फरशीवर नेऊन तिने भिंगरीचे चारी पाय सरळ केले अन् साहेबांना टेप ताठ धरायला लावली. चार फूट भरून वर बोटभर उरलं.

साहेब चिडले. "बाई, आजवर किती घोडी मोजलीत?"



"ही पहिलीच. पण वीस वर्षं अंगणवाडीत पोरं मोजतेय. तिथं बोटभर चुकलं, तर पोराच्या ताटातलं अंडं जातं, साहेब."