अर्ध्या तासाचं माहेर

माहेरी जायचं नाव काढलं की भागवत प्रवाशांच्या फेऱ्या पुढे करायचा. त्यामुळे निकिताचं माहेर बाजाराच्या दिवसापुरतंच उरलं होतं. जुन्या जीपमध्ये त्यानं दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलं होतं, आणि रिसोडला जाताना ते बरोबर शिरपूरजवळ, तिच्या मायच्या गावच्या फाट्यावर येऊन तापायचं. तो बोनट उघडून करवादत उभा राहायचा, माय, गोजराबाई, पाण्याची कळशी घेऊन धावत यायची, आणि इंजिन निवेपर्यंत अर्धा तास नात आजीच्या कुशीत असायची. घरून निघताना निकिता दर खेपेला मनातल्या मनात इंजिनाला विनवायची, "तापजो रे बाप्पा."

धोंड्याच्या महिन्यात भागवतनं मिस्त्रीकडून इंजिनाला, ते तापू नये म्हणून, ऑइल कूलर बसवून घेतला.

पुढच्या बाजाराला फाटा आला. बाभळीखाली माय उभी होती, एका हातात कळशी, दुसऱ्या हातात नातीसाठी शिवलेलं झबलं.

"थांबा ना जी, माय उभी हाय."

"आता कायले थांबू? तापाचा काटा हालून नाही राह्यला." त्यानं लांबलचक हॉर्न दिला. माय बाजूला सरली. मांडीवरच्या पोरीनं आजीकडे दोन्ही हात केले, ते तसेच राहिले.

मैलभर गेल्यावर भागवत खुशीत हसला.

"तुले सांगाचं राहूनच गेलं. हा कूलर तुह्या मायनं देल्ला, धोंड्याचं वान म्हणून. म्हणे, जवाईबापू उन्हात उभे राह्यतात, पाह्यवत नाही."