बांधावरचा खांब

आमच्या कुरणातून रोमन सैन्याच्या छावणीचा बांध जातो. गवताने झाकलेला, जेमतेम गुडघाभर. त्यात कुंपणाचा एक खांब रोवू द्या म्हटलं, तर पुरातत्त्व खात्याचे साहेब अंगावरच आले. "अहो टर्नबुल, दोन हजार वर्षांची माती आहे ही! सुईसुद्धा टोचायची नाही."

कुंपण अर्धवट राहिलं आणि दोन गाभण मेंढ्या रस्त्यावर ट्रकखाली गेल्या.

काल त्याच साहेबांची माणसं पहारी घेऊन आली. बांधात कमरेएवढे दोन खड्डे घेतले. आतून रोमन खापरं निघाली, तीच ठेचून खड्ड्यांत भरली, खांब हलू नयेत म्हणून.

माझी बायको एफी पचकन थुंकली. "वाच, काय लावलंय मेल्यांनी!"

 

खांबांवर पाटी होती : "येथे खोदण्यास सक्त मनाई आहे."