मुनाव्वरचं गंगावन

मुनाव्वरच्या उशीवर त्या सकाळीही मूठभर केस निघाले. तिच्या आईने, होसियतने, ते गोळा करून अंगणातल्या मातीच्या भिंतीच्या फटीत कोंबले. गळलेले केस उघड्यावर टाकायचे नसतात. चिमणीने घरट्याला नेले तर ज्याचे केस त्याचं डोकं कायमचं दुखतं, असं म्हणतात. फट आता भरत आली होती.

लग्न तीन आठवड्यांवर होतं. पण खरी धास्ती शुक्रवारची होती. त्या दिवशी नवऱ्या मुलाची आई सल्तनत खाला आहेर घेऊन येणार आणि होणाऱ्या सुनेची वेणी स्वतः घालणार. गुडघ्यापर्यंतचे केस पाहूनच तर तिने मुनाव्वरला मागणी घातली होती. आता त्याच डोक्यावर अक्रोडाएवढे चट्टे पडले होते.

स्थळ मोठं होतं. नवऱ्या मुलाचा, इख्तियोरचा, मार्गिलानला रेशमाचा कारखाना. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेली, मूलबाळ नाही. मुनाव्वरचा बाप सोतवोल्दी हुरळून गेला. घरात कुणाला न विचारता त्याने चार म्हाताऱ्यांसमोर सोयरिकीचा नान मोडला. एकदा नान मोडला की मुलीकडच्यांना माघार नसते. परत करायचा तो मुलाकडच्यांनी. आणि नान परत आलेल्या मुलीच्या दारात दुसरं स्थळ यायला वर्षं जातात.

उपाय चालूच होते. शेजारणीने, ज़ेबोने, काळ्या मुळ्याचा रस सांगितला, मग लसूण, मग भुवयांना लावतात तो उस्माचा पाला. सगळं करून झालं. रोज सकाळी नवरा बाहेर पडला की होसियत लेकीला ओसरीवर बसवून डोक्याला आंबट दही चोळायची. तिच्या आईने तिलाही असंच चोळलं होतं.

"आग होते गं," मुनाव्वर म्हणायची.

"आंबट आहे. होणारच."

ज़ेबोचं मत निराळंच होतं. मोहल्ल्यात कुणी बाई गेली की देह धुवायला होसियतलाच बोलावत. लांबच्या मोहल्ल्यांतूनही तिला गाडी येई. "मढी धुणारे हात ते," ज़ेबो म्हणाली, "लेकीच्या डोक्यावरून फिरवतेस कशाला?" मग लगेच आवाज खाली आणून, हाजीची सून परवा गेली तिच्या अंगावर खरंच डाग होते का, असं तिने विचारलं. होसियत दह्याची वाटी विसळू लागली. धुणारीने जे पाहिलं ते तिच्याबरोबरच जायचं असतं. कुराणावर हात ठेवून तशी शपथ दिलेली असते. ज़ेबोला हे माहीत होतं, तरी खोड जात नव्हती. ती गेल्यावर होसियत आपल्या हातांकडे पाहत बसली. तिला स्वतःच्या हातांची भीती वाटली.

शेवटी सोतवोल्दीने मायलेकींना शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाईंनी भिंगातून टाळू पाहिली, एक केस चिमट्याने उपटून पाहिला. काळजीने वगैरे गळतात तसे हे नाहीत, म्हणाल्या. मुळं शाबूत आहेत. डोक्याला काय काय लावता, त्याची त्यांनी कसून चौकशी केली.

"दही," होसियत म्हणाली.

"उद्या त्यातलं थोडं घेऊन या. बघते तपासून."

त्या रात्री होसियतने ताजं दही विरजलं. दुसऱ्या दिवशी ती वाटीभर दही घेऊन गेली. दह्यात काही सापडलं नाही. बाईंनी लावायचं औषध दिलं, दही बंद करायला सांगितलं आणि हिवाळ्यापर्यंत केस परत येतील अशी हमी दिली. मुनाव्वर परतीच्या बसमध्ये रडत राहिली. तिला इख्तियोर आवडला होता.

"हिवाळ्यापर्यंत कोण थांबणार आहे, आई?"

होसियतने तिचं डोकं छातीशी धरलं. लेकीचं रडणं तिला ऐकवत नव्हतं.

मग सोतवोल्दीने ताश्कंदहून गंगावन आणवलं. काळंभोर, अस्सल केसांचं. एवढा एक शुक्रवार निभावला की लग्नानंतर पाहून घेऊ, असा त्याचा हिशेब. होसियतने ते लेकीच्या उरलेल्या केसांत टाके घालून बसवलं आणि वरून रुमाल बांधला.

शुक्रवारी सल्तनत खाला तीन बायका घेऊन आली. चहा झाला, आहेर उलगडून झाला. मुनाव्वर मान खाली घालून बसली होती. होसियत दाराशी जीव मुठीत धरून उभी. खालाने रुमाल सोडला, केस कुरवाळले, हलकेच ओढले.

गंगावन तिच्या हातात आलं.

खालाने तो झुबका खाली ठेवला, हात पुसले.

"आमच्या घराला एकदा दृष्ट लागून गेलीय, सोतवोल्दीभाई," ती ओसरीवर येऊन म्हणाली. "पुन्हा नको."

तासाभरात कापडात बांधलेले दोन नान परत आले. सोतवोल्दी ओसरीवर डोकं धरून बसला. ज़ेबो कुंपणावरून बघत होती. मुनाव्वरने आतून कडी लावून घेतली.

"आई, तुझे टाके तर कधी सुटत नाहीत," ती दाराआडून म्हणाली.

होसियत परसात गेली. हमामात अंगावरचे केस काढायला बायका लावतात ती पूड, दह्यात रोज चिमूटभर मिसळून उरलेली, तिने चुलीच्या राखेखाली पुरली. मग ती तिथेच बसली आणि तोंडात रुमालाचं टोक कोंबून रडली. दोन वर्षांपूर्वी मार्गिलानहून आलेल्या गाडीतून ती इख्तियोरच्या बायकोला धुवायला गेली होती, आणि छातीत कळ येऊन गेलेल्या त्या पोरीच्या गळ्यावर पुरुषाच्या दोन्ही हातांची बोटं उमटलेली होती.