एक धडा पुढे

हंगेरीतून कम्युनिस्ट गेले आणि जाताना शाळेतला रशियन विषयही घेऊन गेले. मुख्याध्यापकांनी रशियनच्या गिझेलाबाईंना सांगितलं, "सोमवारपासून इंग्रजी शिकवा, नाहीतर घरी बसा." तेव्हापासून बाई रोज घरी एक धडा शिकत आणि दुसऱ्या दिवशी तोच वर्गात शिकवत.

"बाई, मिरचीला इंग्रजीत काय म्हणतात?"

"तो नववा धडा आहे. आगाऊपणा नको."

सहाव्या धड्याला तपासनीस येऊन मागच्या बाकावर बसले आणि तासभर मान खाली घालून वहीत लिहीत राहिले.

मुलं गेल्यावर बाईंनी विचारलं, "साहेब, फार चुका झाल्या का?"

"मला काय कळतंय, बाई? मी अजून चौथ्यावर आहे," साहेब वही मिटत म्हणाले. "उद्या सातवा घेणार ना? माझी जागा धरून ठेवा."